शिसेबाई सही करणार नाही

१

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला नवजात बाळांच्या वॉर्डात सात नंबरचा वॉर्मर गुपचूप बंद पडला. गुपचूप म्हणजे खरंच गुपचूप. वीज होती, बटण चालू होतं, पण वरून येणारी ऊब गेली, आणि ऊब गेल्यावर जी घंटा बोंबलायला हवी तीही मुकी राहिली. सिस्टरने जाता जाता सवयीने बाळाच्या तळपायाला हात लावला, तर पाय गार. तिने बाळ उचललं, छातीशी धरलं आणि दुसऱ्या वॉर्मरखाली नेऊन ठेवलं. बाळ वाचलं ते तिच्या हातामुळे, आमच्या यंत्रामुळे नाही. हे मी आधीच सांगून टाकते.

दुपारी तीन वाजता आमच्या दुरुस्ती विभागाच्या फळ्यावर कागद लागला. "सात क्रमांकाच्या यंत्रातील सदोष सांध्यात शिसे आढळले. बंदी असलेली तार वापरल्याबद्दल चौकशी सुरू आहे." त्याखाली माझा हुद्दा. आमच्या विभागात तो हुद्दा एकटीचाच, त्यामुळे नाव लिहायची गरजच नव्हती.

या इस्पितळात मी सव्वीस वर्षं यंत्रं दुरुस्त करते आहे. दीड वर्षापूर्वी हुकूम आला, की शिशाची सोल्डर तार, म्हणजे वितळवून सांधे जोडायची तार, बंद, इथून पुढे फक्त बिनशिशाची. तेव्हा मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला होता. "नव्या यंत्रांना खुशाल लावा. शिसं विष आहे हे मला नका शिकवू, सव्वीस वर्षं डबा उघडायच्या आधी तीनदा हात धुतेय. पण जुन्या यंत्रांत कारखान्यातूनच शिसं भरलंय. त्यावर दुसरं काहीबाही कालवू नका." कुणी ऐकलं नाही. उलट त्या दिवसापासून माझं नाव पडलं शिसेबाई. हुकूम निघाल्यावर मात्र मी तो पाळला. जुना सांधा आला की आधीचं सगळं सोल्डर शोषून काढायचं, पाय घासून लख्ख करायचा आणि मगच नवी तार लावायची. वेळ दुप्पट लागायचा. चडफडत केलं, पण केलं.

संध्याकाळी मास्तरांनी मला आत बोलावलं. मास्तर म्हणजे आमचे विभागप्रमुख. पण माझ्या हातात पहिल्यांदा सोल्डरगन दिली ती यांनीच, म्हणून मी त्यांना अजून मास्तरच म्हणते. त्यांनी टाइप केलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"सही कर. चूक मान्य म्हणायचं. मग चौकशी नाही, बडतर्फी नाही. तुला कपड्यांच्या गोदामात बदली देतो. चादरी मोजायच्या, सुखात राहायचं."

"आणि माझं टेबल?"

"टेबल जाईल. नोकरी राहील. उद्या पाच वाजता मोठ्या मॅडम विचारतील, तोवर ठरव."

"मास्तर, मी त्या यंत्राला हात लावलेला नाही. माझ्या वहीत बघा. सात नंबर वर्षभरात माझ्याकडे आलेलाच नाही."

"मग कुणी लावला?"

"तेच तर! मी सही केली की हा प्रश्न कुणी विचारणारच नाही. ज्याने तो सांधा केला त्याने आणखी कुठे काय करून ठेवलंय, हे कुणाला कळणार?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "उद्या पाच," ते म्हणाले.

२

घरी नवरा म्हणाला, "कर सही, सुटशील." सासूबाई डोळ्याला पट्टी बांधून पडल्या होत्या. आठ दिवसांपूर्वीच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या पडल्या पडल्या कडाडल्या, "न केलेल्या गोष्टीवर सही करून आलीस तर या घरात पाऊल ठेवू नकोस. मला एका डोळ्याने दिसतंय तेवढं पुरे आहे!"

आमचं दोघींचं एरवी साखरेच्या डब्यावरूनही पटत नाही. पण त्या रात्री मी त्यांचे पाय दाबून दिले.

मंगळवारी सकाळी मी आधी काडीवाल्याला गाठलं. काडीवाला म्हणजे आमचा नवा इंजिनियर. शिसं तपासायच्या काड्या त्याच्या खिशात कायम. काडी सांध्यावर घासायची, शिसं असेल तर ती लाल होते. सोमवारी त्यानेच काडी घासली होती.

"बाई, माझा तुमच्यावर राग नाही," तो म्हणाला. "पण काडी लाल झाली ती झाली."

"आणखी एक काडी काढ."

"कशाला?"

"काढ रे. तुझ्या खिशातून जात नाही काही."

सात नंबरचा बोर्ड त्याच्या टेबलावर उघडाच पडला होता. मी बोट ठेवलं ते दूरच्या एका कोपऱ्यावर. तिथला सांधा कारखान्यातला होता, त्यावरचा पिवळा लेप अजून अखंड होता. "लेप खरवड आणि घास."

त्याने घासली. काडी लाल झाली. त्याने दुसरा कोपरा धरला, तिथेही लालच.

"हे यंत्र चौदा वर्षांचं आहे, राजा," मी म्हटलं. "याच्या नसानसांत शिसं आहे. तू जिथे काडी लावशील तिथे लालच होणार. मग तू एकाच जागी का लावलीस?"

त्याचे कान तांबडे झाले. "कारण मास्तर म्हणाले, तुटला तो सांधा तपास."

"आणि तू तपासलास. बाकीचा बोर्ड काय पाहुणा आला होता?"

पण पोरगा प्रामाणिक निघाला. त्याने प्लास्टिकच्या पाकिटातून तो तुटका सांधा काढून माझ्यापुढे धरला. बोर्डाला वीज देणारी जाड तार आणि ती जोडलेला पितळी पाय, दोन्ही त्याने कापून ठेवले होते. मी भिंग लावलं. शिशाचा सांधा चकचकतो. बिनशिशाचा जरा मंद, खरखरीत दिसतो. हा दोन्हींतला नव्हता. राखाडी, भुसभुशीत, आणि मुख्य म्हणजे तो तडकलेला नव्हता. मऊ होऊन खाली ओघळला होता आणि तसाच पुन्हा घट्ट झाला होता.

"याच्या शेजारी काय आहे?" मी विचारलं.

"उष्णता बाहेर टाकणारी पट्टी. तापते, पण फार तर शंभर अंशांपर्यंत. सोल्डर वितळायला त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतं."

"हं."

"पण बाई, एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका." त्याने चिमट्याने तार हलवली. "ही तार पायाभोवती दीड वेढा घेऊन मग सोल्डर केलीय. आम्ही कुणी असं करत नाही, नुसती टेकवतो आणि लावतो. दीड वेढा या इमारतीत फक्त तुम्ही घेता."

मी बघितलं. वेढा दीडच होता. बरोबर दीड.

३

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काड्यांचा पुरावा पाडायला गेले आणि स्वतःच्या हाताची खूणच समोर आली. पण मी तो सांधा केला नव्हता, हे मला तरी माहीत होतं ना! मी तडक वॉर्डात गेले.

सिस्टर बाटल्या उकळत होती. बाळाला उचललं ती हीच.

"सात नंबर याआधी कधी बंद पडला होता?" मी विचारलं.

तिने वॉर्डाची वही काढली. "मागच्याच्या मागच्या रविवारी. दुपारी वीज चारपाच वेळा आली-गेली, त्यानंतर यंत्रं चालेनात. माझी सुट्टी होती, दुसरी सिस्टर होती. तिने लिहिलंय, 'दुरुस्तीला खाली पाठवलं. सायंकाळी परत, चालू.'"

"यंत्रं म्हणजे किती?"

"नंबर एकच लिहिलाय, सात. पण त्या रविवारी वॉर्डात गोंधळ होता, जुळी आली होती. सगळं लिहिलं असेल असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

"परत आणलं कोणी? सही?"

"सही नाही. नुसती बरोबरची खूण." तिने माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ताई, रविवारी तुमचा विभाग बंद असतो. पण त्या रविवारी तुम्ही होतात की इथे. मला लिफ्टपाशी दिसलात. मी सुट्टीवर होते, भाचीला बघायला आले होते."

"सासूबाईंचं ऑपरेशन होतं! डोळ्यांच्या वॉर्डात दिवसभर बाकावर बसले होते."

"मला पटतं हो. मोठ्या मॅडमना पटेल का?"

नाही पटणार. मलाच पटलं नसतं. घड्याळात साडेबारा झाले होते.

४

भांडारात किल्लीकाका नेहमीप्रमाणे कमरेला जुडगा लावून बसले होते. त्यांच्याकडून पेन्सिल काढायची तरी अर्ज लागतो. पण माणूस खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलायलाही त्यांना नमुना अर्ज हवा.

"काका, बिनशिशाची म्हणून आपल्याकडे किती प्रकारची तार आहे?"

"एकच. जी तुम्ही वापरता ती." मग त्यांनी डोकं खाजवलं. "तसं एक रीळ वानगीदाखल आलं होतं. विकणारा म्हणाला, ही पण बिनशिशाचीच, पण कमी तापावर वितळते. हिच्यात बिस्मथ आहे. म्हणे, जुन्या गनवरही चालते. मी म्हटलं, वानगी भांडारात घेत नाही. प्रमुखांच्या खोलीत कपाटावर ठेवून जा."

"तिथून कुणी नेलं?"

"खोली दिवसभर उघडी असते. काडीवाला जातो, तुम्ही जाता, फरशी पुसणारी जाते. कुणाला विचारू?"

बिस्मथ. माझ्या डोक्यात काहीतरी टकटक करायला लागलं. "आणि आपल्या जुन्या गन? त्या कुठेत?"

"पेटीत, मोहोरबंद. ज्या दिवशी शिसं बंद झालं त्याच दिवशी सगळ्यांच्या जमा केल्या. ही यादी. मास्तरांनी स्वतःच्या हाताने केलीय. आठ नावं, आठ गन. पेटी कुणी उघडलेली नाही, माझी मोहोर तशीच आहे. बघा."

मी पेटी बघितली. मोहोर शाबूत होती. मी यादी वाचली. माझं नाव, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं, वायरमनचं, निवृत्त झालेल्या दोघांचं... आठही नावं ओळखीची. यादी मी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा मी आहेत ती नावं वाचत नव्हते, नाही ते नाव शोधत होते.

५

मी काडीवाल्याला म्हटलं, "त्या सांध्याचा नखाएवढा तुकडा खरवडून दे. आणि किटलीत पाणी उकळ."

"चहा?"

"चहा नंतर. आधी पाणी."

त्याने खरवडलेला तुकडा मी स्टीलच्या चमच्यात घेतला आणि चमचा खळखळत्या पाण्यात धरला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. काही क्षण काहीच झालं नाही. मग तो राखाडी तुकडा चकाकला, गोळा झाला आणि पाऱ्यासारखा चमच्यात घरंगळला.

"अगं आई गं!" काडीवाला ओरडला. "पाण्यात? सोल्डर पाण्यात वितळलं?"

"शिशाचं सोल्डर एकशेत्र्याऐंशीला वितळतं. आपली बिनशिशाची तार दोनशेवीसच्या आसपास. बिस्मथवाली एकशेअडतीसला. यांतलं एकही उकळत्या पाण्याला दाद देणार नाही. पण जुन्या शिशावर ती बिस्मथवाली तार चढवलीस, दोन्ही कालवलंस, की शिसं, कथील, बिस्मथ तिन्हींचा मिळून एक भलताच धातू होतो. त्याचं शंभरच्याही आत पाणी होतं. आग लागली की आपोआप फवारा उडवणाऱ्या नळांत मुद्दाम असलाच धातू घालतात, पटकन वितळावा म्हणून. आणि इथे तो घातलाय तापणाऱ्या पट्टीच्या शेजारी, बाळाच्या डोक्यावर!"

"म्हणजे ज्याने केलं त्याने बिनशिशाचीच तार वापरली. नियम पाळला!"

"नियम पाळला. यंत्राकडे नाही बघितलं."

तो खुर्चीवर बसला. "पण बाई, असं करेल कोण? माझ्याकडे चारशे अंशांपर्यंत तापणारं नवं सोल्डर स्टेशन आहे, तुमच्याकडेही आहे. आपल्याला ही कमी तापाची तार कशाला लागेल?"

"नाहीच लागणार. हेच मी तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. ही तार त्यालाच लागते ज्याची गन तापत नाही. जाड पायाला जुनी पंचवीस वॉटची गन लावली तर नवी तार नीट वितळत नाही, मग ही सोपी पडते. अशा जुन्या गन मोहोरबंद आहेत. एक सोडून."

"कुणाची?"

मी चमचा पुसून ठेवला. दीड वेढा या इमारतीत मी एकटी घेत नव्हते. मला तो शिकवणारा एक माणूस होता, आणि त्याने सहा वर्षांत गन हातात धरली नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. यादी त्यानेच केली होती, आणि मोजणाऱ्याने सगळ्यांना मोजून स्वतःला सोडलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करायचं काय?

साडेचारला मी मास्तरांच्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं.

"मास्तर, तुमची जुनी गन कुठंय? लाकडी मुठीची?"

त्यांनी वर बघितलं. एक क्षण मला वाटलं, आता सांगतील. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आजही माहीत नाही.

"जमा केली की," ते म्हणाले. "सगळ्यांबरोबर."

माझ्या गुरूने माझ्या तोंडावर खोटं सांगितलं. मला राग नंतर आला. आधी भयंकर वाईट वाटलं.

६

पाच वाजता मोठ्या मॅडमच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मॅडम, मास्तर, काडीवाला, किल्लीकाका आणि मी. टेबलावर तो टाइप केलेला कागद होता आणि त्यावर पेन.

"मग?" मॅडम म्हणाल्या. इस्पितळाच्या त्या मुख्य, बोलणं मोजकं.

"सही करणार नाही," मी म्हटलं. "दहा मिनिटं द्या आणि तुमची किटली द्या."

तीन पेले मांडले. पहिल्यात शिशाच्या तारेचा सांधा, दुसऱ्यात आपल्या नेहमीच्या बिनशिशाच्या तारेचा, तिसऱ्यात सात नंबरमधला. काडीवाल्याने उकळतं पाणी ओतलं. मी चिमट्याने एकेक तार ओढली. पहिली हलली नाही. दुसरी हलली नाही. तिसरी लोण्यातून सुरी निघावी तशी अलगद निघून आली आणि पेल्याच्या तळाशी एक चकचकीत थेंब पडून राहिला.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. किल्लीकाकांनी कपाळावर हात मारला. सगळे पेल्याकडे बघत होते. मास्तर बघत नव्हते. ते टेलिफोनकडे बघत होते.

मी शिसं, बिस्मथ, जुनी गन सगळं सांगितलं. काडीवाल्याने न विचारता भर घातली, की बोर्डावर कुठेही काडी घासली तरी लालच होते आणि सोमवारी त्याची चूक झाली. चारचौघांत चूक कबूल करायला काळीज लागतं. पोराने ते दाखवलं.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचा दोष नाही हे सिद्ध झालं. कागद मी फाडते. फळ्यावरचाही काढून टाकू. तांत्रिक बिघाड म्हणून विषय बंद. कुणाचं नाव नको, इस्पितळाची बदनामी नको. उद्यापासून तुमचं टेबल तुमचं."

काय हवं होतं मला? हेच ना? टेबल परत मिळत होतं. गप्प बसायचं आणि घरी जायचं.

"नाही," मी म्हटलं. "फाडू नका. विषय बंद होत नाही."

"आता आणखी काय?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी देत होता, ते राहिलं. आता कुणालाच नको म्हणताय. मला कुणाला फाशी द्यायची हौस नाही मॅडम. पण ही तार कुणी लावली ते कळल्याशिवाय ती कुठे कुठे लावली ते कसं कळणार? त्या रविवारी वीज चारपाच वेळा आली-गेली. वॉर्डाच्या वहीत एकच नंबर आहे, पण सिस्टर म्हणते सगळं लिहिलेलं नसेल. हा सांधा बाहेरून ओळखू येत नाही. चालतो, चालतो आणि एक दिवस ओघळतो. माझा हुद्दा कालपासून फळ्यावर आहे, पुराव्याशिवाय. मी पुराव्यासकट नाव घेते."

मी मास्तरांकडे वळले.

"मास्तर, दीड वेढा तुमचा. वानगीचं रीळ तुमच्या कपाटावरचं. आठ गनच्या यादीत तुमची गन नाही. ती तुमच्याकडेच राहिलीय. रविवारी वॉर्डातून फोन आला असेल, माणूस कुणी नव्हतं, बाहेरच्या कंपनीला दोन दिवस लागले असते. बाळं खोळंबली होती म्हणून तुम्ही स्वतः बसलात. ते चांगलंच केलंत. बिनशिशाची तार घेतलीत, नियमाने घेतलीत. चूक झाली, ती माझ्याकडूनही झाली असती. पण माझ्या पदरात ती टाकून तुम्ही गप्प बसलात. का?"

मास्तरांनी टेलिफोनवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"निवृत्तीला चार महिने राहिलेत गं माझ्या," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका लहान ऐकला नव्हता. "मला वाटलं सांधा कच्चा बसला, हात थरथरतो म्हणून. तुला गोदामात नीट ठेवली असती. मला खरंच ठाऊक नव्हतं की तो असा... पाण्यात..."

"मास्तर, किती?"

"तुला मी शिकवलं—"

"किती यंत्रं?"

त्यांनी डोळे मिटले. "तीन. सात, चार आणि अकरा."

मॅडमनी फोन उचलायच्या आत मी दाराबाहेर होते.

७

जिने मी कशी चढले कुणास ठाऊक. गुडघे माझे पन्नाशीनंतरचे. मागून काडीवाला हत्यारांची पेटी घेऊन धावत होता, त्याच्या मागे मॅडम.

सिस्टरला फोन पोचला होता. चार नंबर रिकामाच होता, त्यातलं बाळ सकाळीच घरी गेलेलं. अकरा नंबरखाली मात्र होतं. नऊ दिवसांचं, सव्वा किलोचं, नाव अजून ठेवलेलं नव्हतं. सिस्टरने ते उचलून आईच्या उघड्या छातीवर दिलं आणि वरून दोन शाली गुंडाळल्या. आई घाबरून विचारत होती, "काय झालं? मशीन तर चालू आहे ना?"

चालू होतं. दिवा हिरवा होता, ऊब येत होती, घंटा गप्प होती. सगळं अगदी झकास दिसत होतं.

मी वीज बंद केली, मागचा पत्रा काढला. पट्टी हाताला चटका बसेल इतकी तापलेली होती. तिच्या शेजारी पितळी पाय, त्याभोवती दीड वेढा, मास्तरांच्या हातचा, देखणा. सोल्डर एका बाजूला ओघळायला लागलं होतं. मी चिमट्याच्या टोकाने तार धरली. ओढावी लागलीच नाही. ती माझ्या चिमट्यात आली.

मागे सिस्टरने शालीत हात घालून बाळाचा तळपाय चाचपला.

"हा किती दिवस टिकला असता?" मॅडमनी विचारलं.

"दिवस?" मी म्हटलं.

मी चिमटा खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत रडले. वॉर्डात रडू नये असा नियम आहे म्हणे. असू दे. मग नाक पुसलं, काडीवाल्याकडून सोल्डर शोषायचा पंप घेतला आणि पाय साफ करायला सुरुवात केली. मॅडम दोन्ही हात बांधून तिथेच उभ्या राहिल्या. काम संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

माझा सांधा लागला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच कमी होते. मी पाच वाजता सही केली असती, तर एव्हाना कपड्यांच्या गोदामात चादरींची चळत लावत असते, आणि ते बाळ इथे अकरा नंबरखाली झोपलेलं असतं.